मत घरात बसून पडत नाही

(मतदारांच्या सभेत बेळगावातील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयाच्या व्यासपीठावरून थोर विषयांवर बोलावे अशी आपल्याकडे चाल आहे. आज मी जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींना कदाचित हसू येईल. आपले मतदान केंद्र कोठे आहे, ते कसे शोधावे आणि तेथे स्वतःच्या पायांनी जाऊन मत कसे द्यावे, एवढाच तो विषय आहे. यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, निवडणुकीच्या दिवशी सायंकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. "माझे नावच यादीत सापडले नाही", "मला या शाळेतून त्या शाळेत पाठविले आणि तेथून पुन्हा इकडे पाठविले", "कार्ड होते, पण मत देऊ दिले नाही", अशी वाक्ये किती तोंडांतून निघतात ते मोजा. या माणसांना मत द्यावयाचे होते. त्यांच्यापाशी इच्छा होती, वेळ होता, पण माहिती नव्हती. उदासीन माणसाचे मत बुडाले तर तो त्याचा दोष. परंतु उत्सुक माणसाचे मत केवळ पत्ता न सापडल्यामुळे बुडावे, याला काय म्हणावे?

हा हक्क उशिरा आला

नगरसंस्थांत लोकांनी आपले प्रतिनिधी निवडावयाचे, ही गोष्ट आपल्या देशात फार जुनी नाही. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महापालिकेचे निम्मे सभासद निवडण्याचा अधिकार मिळाला, पण तो करदात्यांना. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, त्यानंतरही मताचा अधिकार कर भरणाऱ्यांच्या आणि मिळकत असणाऱ्यांच्या हातीच राहिला. महात्मा फुले पुणे नगरपालिकेत बसले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. ज्या कष्टकऱ्यांचे दुःख त्यांनी तेथे मांडले, त्यांतील बहुतेकांना मतच नव्हते. हमालाचे मत आणि सावकाराचे मत एकाच तराजूत तोलले जाण्यासाठी स्वातंत्र्य यावे लागले आणि १९५० ची राज्यघटना यावी लागली. पुढे मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आले ते १९८९ साली. नगरसंस्थांना घटनेत स्वतंत्र स्थान मिळाले ते चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, आणि ती अमलात आली १ जून १९९३ रोजी.

त्या दुरुस्तीने नगरसंस्थेची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण व्हावी असेही सांगितले. व्यवहारात काय झाले? मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणूक झाली २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. बंगळुरूच्या महापालिकेची मुदत २०२० च्या सप्टेंबरात संपली आणि पुढली पाच वर्षे निवडणुकीविना गेली. आपल्या बेळगावात ३ सप्टेंबर २०२१ रोजी ५८ प्रभागांसाठी मतदान झाले. पण निवडून आलेल्या सभागृहाला महापौर मिळाला तो २०२३ च्या फेब्रुवारीत. हे सांगण्याचा हेतू कोणाला दूषण देण्याचा नाही. ज्या मताची संधी पाच-सात वर्षांनी एकदा येते, ती एका दुपारच्या झोपेसाठी किंवा एका न पाहिलेल्या यादीसाठी दवडणे आपल्याला परवडणारे नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

एका मताची किंमत

"माझ्या एकट्याच्या मताने काय होणार?" हा प्रश्न मी पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये काय झाले ते त्यांनी ध्यानात घ्यावे. दोन उमेदवारांना नेमकी सारखी, म्हणजे प्रत्येकी ५,९४६ मते पडली. अखेरीस चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरविण्यात आला. त्या प्रभागात त्या दिवशी घरी बसलेल्या हजारो मतदारांपैकी एकजण जरी जिना उतरून केंद्रावर गेला असता, तरी पाच वर्षांचा प्रतिनिधी चिठ्ठीने ठरविण्याची वेळ आली नसती.

आपल्याच राज्यातील उदाहरण हवे असेल तर २००४ सालची विधानसभा निवडणूक घ्या. संतेमरहळ्ळी मतदारसंघात विजयी उमेदवाराला ४०,७५२ आणि पराभूत उमेदवाराला ४०,७५१ मते पडली. एका मताचा फरक! विधानसभेचा मतदारसंघ मोठा असतो. तेथे जर असे घडते, तर ज्या प्रभागात काही हजार मतदार, त्यांतील कित्येक न येणारे आणि उमेदवार पाच-सात, तेथे एका वाड्यातील चार मते निकाल फिरवू शकतात. स्थानिक निवडणुकीत तुमच्या मताचे वजन लोकसभेच्या मताहून कितीतरी पटींनी अधिक असते. आणि ज्याला तुम्ही निवडून देता तो दिल्लीत बसत नाही. तुमच्या नळाला पाणी कितव्या दिवशी यावे, तुमच्या गल्लीतील गटार कोणी उपसावे, तुमच्या घरपट्टीचा आकार काय असावा, हे ठरविणाऱ्या सभागृहात तो बसतो.

ओळखपत्र म्हणजे मत नव्हे

आता मुख्य विषयाकडे येतो. लोकांच्या मनातील सर्वांत मोठा गैरसमज असा की, छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र खिशात आहे, म्हणजे मत पक्के. वस्तुतः ओळखपत्र फक्त तुम्ही कोण आहात एवढेच सांगते. तुम्हाला मत आहे की नाही, हे सांगते ती मतदारयादी. यादीत नाव नसेल तर ओळखपत्र दाखवूनही मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आयोगाने मान्य केलेले दुसरे एखादे छायाचित्रासह असलेले प्रमाणपत्र दाखवून मत देता येते. घरी येणारी मतदान चिठ्ठी ही तर केवळ वाटाड्या आहे. तिच्यावर विसंबून ओळखीचा कागद घरी विसरू नका.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका घेतो तो भारताचा निवडणूक आयोग. महापालिका, नगरपालिका, पंचायती यांच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. या दोन स्वतंत्र संस्था आहेत. सामान्यतः विधानसभेची यादी घेऊन, ती प्रभागांच्या सीमांप्रमाणे फोडून, स्थानिक निवडणुकीची यादी तयार केली जाते. आणि फोडताना चुका होतात. रस्त्याच्या उजव्या बाजूची घरे एका प्रभागात आणि डाव्या बाजूची दुसऱ्या प्रभागात जातात. कधी एकाच घरातील बाप एका यादीत आणि लेक दुसऱ्या यादीत जाऊन पडतो. म्हणून मागल्या विधानसभेला ज्या शाळेत तुम्ही मत दिले, तीच शाळा महापालिकेलाही तुमचे केंद्र असेल असे गृहीत धरू नका. प्रभागांची फेररचना झाली असेल तर मुळीच धरू नका.

नाव शोधण्याची रीत

मग काय करावे? पहिली गोष्ट, निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. स्थानिक निवडणुकीची यादी एका ठरावीक तारखेला गोठविली जाते. त्यानंतर केलेली धावपळ बहुधा व्यर्थ ठरते. विधानसभेच्या यादीत नाव घालण्यासाठी सहा क्रमांकाचा अर्ज, चुकीच्या किंवा मृताच्या नावाला हरकत घेण्यासाठी सात क्रमांकाचा, आणि दुरुस्ती व पत्ताबदल यांसाठी आठ क्रमांकाचा अर्ज असतो. पूर्वी वयाची गणना वर्षातून एकदाच, १ जानेवारीला होत असे; आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख धरली जाते. तेव्हा घरातील मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचा अर्ज त्याच तिमाहीत भरून टाका.

दुसरी गोष्ट, प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की ती प्रत्यक्ष पाहा. आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा, महापालिकेच्या कार्यालयात पाहा, नाहीतर आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला गाठा. हा अधिकारी बहुधा एखादा शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असतो आणि आपल्याच भागाचे काम त्याच्याकडे असते. यादी पाहताना वहीत लिहून घ्या: प्रभागाचा क्रमांक, यादीच्या भागाचा क्रमांक, आपला अनुक्रमांक आणि केंद्राचे नाव व खोली. या चार गोष्टी लिहिलेला कागद घरातील देवघराजवळ लावून ठेवा. मतदानाच्या दिवशी हा एक कागद दहा कार्यकर्त्यांचे काम करील.

तिसरी गोष्ट नावाच्या लिखाणाची. आपल्यासारख्या, जेथे दोन-तीन भाषा एकत्र नांदतात अशा गावात, नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत आणि तेथून तिसऱ्या लिपीत प्रवास करते. प्रत्येक मुक्कामावर त्याची थोडी मोडतोड होते. 'ळ'चा 'ल' होतो, आडनाव पुढे येते, वडिलांचे नाव मागे जाते. एका लिखाणाने नाव सापडले नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. ओळखपत्रावरील क्रमांकाने शोधा, घरक्रमांकाने शोधा, शेजाऱ्याच्या नावाच्या मागेपुढे शोधा. आणि सापडल्यावर चूक तशीच ठेवू नका, दुरुस्तीचा अर्ज द्या.

चौथी गोष्ट भगिनींसाठी, आणि ती मी जरा विस्ताराने सांगणार आहे. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी मतदारांची संख्या सतरा कोटींहून अधिक होती आणि मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. यादी तयार होत असता अनेक भागांत स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" अशी नोंद त्यांनी करविली. आयोगाने अशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा आग्रह त्या वेळी फार कठोर वाटला असेल. परंतु पुढल्या पिढ्यांतील स्त्रिया यादीत आपापल्या नावाने आल्या, त्याच्या मुळाशी हाच आग्रह आहे. आज त्या प्रश्नाचे रूप निराळे आहे. लग्न होऊन मुलगी सासरी येते, तिचे मत मात्र माहेरच्या यादीत राहते. माहेरचे लोक म्हणतात ती तिकडची, सासरचे म्हणतात तिचे नाव इकडे नाही. आणि ती बिचारी कोठेच मत देत नाही. घरात नवी सून आली की रेशनकार्डावर जसे तिचे नाव चढविता, तसेच मतदारयादीतही चढवा. सासूबाईंनी हे काम आपल्याकडे घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

गोवा, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या वाचकांसाठी एक शब्द. २०२५ च्या ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने ज्या राज्यांत यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले, त्यांत गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेश ही राज्ये होती. तेव्हा तेथील मराठी कुटुंबांनी, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही येथेच मत देत आलो आहोत, या भरवशावर राहू नये. नव्या यादीत नाव आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

स्वतः जावे लागते

काही कामे दुसऱ्याकडून करून घेता येतात. वीजबिल शेजाऱ्याच्या हाती पाठविता येते, देवाला नारळ पुतण्याच्या हाती पाठविता येतो. मत तसे पाठविता येत नाही. अतिवृद्ध व अपंग मतदारांसाठी घरून मतदानाची जी सोय अलीकडे झाली, ती लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांसाठी आहे. स्थानिक निवडणुकीत तिच्यावर विसंबून राहू नका. तेथे सामान्य मतदाराला एकच मार्ग आहे, तो म्हणजे केंद्रापर्यंत जाणे. पुण्याला, कोल्हापूरला, गोव्याला नोकरीसाठी गेलेल्या तरुणांनी आदल्या रात्रीची गाडी धरावी. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सकाळच्या थंड वेळी, गर्दी होण्यापूर्वी, घेऊन जावे. त्यांच्या मदतीला एक सोबती जाऊ शकतो. मात्र मत त्यांचे, सोबत्याचे नव्हे, हे सोबत्याने विसरू नये.

आणि मतदानाच्या आदल्या दिवशी एकदा केंद्रावर फेरी मारून या. शाळेचे कोणते दार उघडे असते, आपली खोली कोणत्या बाजूस आहे, पायऱ्या किती आहेत, हे पाहून ठेवा. एकाच शाळेत चार-चार केंद्रे असतात. चुकीच्या रांगेत तासभर उभे राहून शेवटी "तुमची खोली पलीकडे" हे ऐकले की चांगल्या माणसाचाही धीर सुटतो, आणि तो घरची वाट धरतो.

खोलीच्या आत

आत गेल्यावर पहिला अधिकारी तुमचे नाव यादीत पाहून मोठ्याने पुकारील. ते मोठ्याने पुकारण्यात अर्थ आहे. तेथे उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात. एखादा तोतया आला तर त्यांनी हरकत घ्यावी म्हणून तो पुकारा असतो. त्यानंतर बोटाला शाई आणि नोंदवहीत सही वा अंगठा. ही शाई आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून ती देशभर वापरात आहे.

समजा, तुम्ही गेलात आणि अधिकारी म्हणाला, "तुमच्या नावावर मत पडून गेले आहे." पुष्कळ माणसे येथे रागावून परत फिरतात. परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे जा, आपली ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे. ही मते वेगळ्या पाकिटात ठेवली जातात. निकाल अगदी अटीतटीचा झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर त्यांना मोल येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या केंद्रात तोतयेगिरी झाली याची सरकारी कागदावर नोंद राहते.

समजा, वेळ संपत आली आहे आणि रांग लांब आहे. वेळ संपण्यापूर्वी तुम्ही रांगेत असाल तर चिठ्ठी देऊन तुम्हाला उभे ठेवले जाते आणि तुमचे मत घेतले जाते. शेवटची घंटा झाली म्हणून निघून जाऊ नका.

समजा, यंत्रावर किंवा मतपत्रिकेवर काही चुकीचे दिसले. मुकाट बसू नका. १ डिसेंबर २०२० रोजी हैदराबाद महापालिकेची निवडणूक कागदी मतपत्रिकांवर झाली. जुन्या मलकपेठ प्रभागात एका उमेदवाराच्या नावापुढे दुसऱ्याच पक्षाचे चिन्ह छापले गेल्याचे आढळले. मतदान थांबविण्यात आले आणि दोन दिवसांनी तेथे फेरमतदान झाले. मतदाराने डोळे उघडे ठेवले तर छापील चूकही दुरुस्त होते. तसेच, आपल्याला किती मते द्यावयाची आहेत ते आधी जाणून जा. बेळगावात एका प्रभागाला एक नगरसेवक. इंदूर-ग्वाल्हेरात २०२२ साली महापौर आणि नगरसेवक अशी दोन मते होती. महाराष्ट्रातील कित्येक शहरांत एका प्रभागातून चार-चार सभासद निवडावयाचे असतात, आणि एक कळ दाबून काम झाले असे समजून निघालेल्या मतदाराला अधिकारी परत बोलावतो.

आणि बंधूंनो, मत कोणाला दिले हे बाहेर येऊन सांगण्याची सक्ती कोणालाही करता येत नाही. पाकीट घेऊन आलेल्या माणसाला, वरिष्ठाला किंवा घरातील कर्त्या पुरुषालाही नाही. त्या पडद्यामागे नवरा-बायकोची मते निरनिराळी असू शकतात, आणि तसे असण्यात संसाराला कोणताही धोका नाही.

गल्लीने करावयाचे काम

एवढे सगळे एकेका मतदाराने आपापले करावे, असे म्हणून मी थांबलो तर ते उपदेशापलीकडे जाणार नाही. आपल्या गल्ल्यांतून गणेशोत्सवाची मंडळे आहेत, तालमी आहेत, महिला मंडळे आहेत. वर्गणी गोळा करताना एकही घर सुटत नाही, हा आपला अनुभव आहे. मग यादीच्या कामात घरे का सुटावीत? प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीची प्रारूप यादी मिळवावी. दोन तरुण आणि दोन भगिनी यांनी ती घेऊन घरोघर जावे. कोण वारले, कोण बदलून गेले, कोणती सून नवी आली, कोणाचे वय अठरा झाले, हे टिपून ठेवावे आणि हरकतींची मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल करावेत. मृताचे नाव काढण्याची आपल्याला लाज वाटते; परंतु वडिलांचे नाव यादीत राहिल्याने वडिलांचा मान वाढत नाही, तोतयाची मात्र सोय होते.

हे काम करताना समोरचे घर कोणत्या पक्षाचे, कोणत्या भाषेचे, कोणत्या जातीचे हे पाहू नये. यादी शुद्ध व्हावयाची तर ती सगळ्यांची शुद्ध झाली पाहिजे. आपल्याला नको असलेल्या माणसाचे नाव वगळले गेले म्हणून जो आज हसतो, उद्या त्याचेच नाव वगळले गेल्यावर त्याच्या रडण्यात कोणी सहभागी होत नाही.

मी एक चळवळ्या माणूस आहे. मोर्चे, सभा, निवेदने यांत माझे आयुष्य गेले आहे, आणि त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु मोर्चातील हजार माणसांची गणना सरकार हवी तशी करते; यंत्रातील हजार मतांची गणना त्याला आकड्याप्रमाणेच करावी लागते. जो समाज घोषणा देतो आणि यादी पाहत नाही, त्याच्या घोषणेची कोणी फारशी फिकीर करीत नाही.

आता जास्त वेळ घेत नाही. या वाचनालयाच्या टेबलावर यादी पाहण्याची सोय चालकांनी केली आहे. सभा संपल्यावर थेट घरी जाण्याऐवजी तेथे पाच मिनिटे थांबा. आपले नाव पाहा, घरातल्या सगळ्यांची पाहा, आणि शेजारच्या म्हातारीचेही पाहून जा; तिला यादी वाचता येणार नाही.